कंपाऊंड धनुष्याची किंमत: हरणापासून दहाच्या वर्तुळापर्यंत

गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात दोघांनी मला एकच प्रश्न विचारला. पहिला फोन आला पेनसिल्व्हेनियातून, भाच्याचा. शेजाऱ्याच्या संगतीनं तो हरणाच्या शिकारीला जायला लागलाय. रीतसर परवाना काढलाय, आणि आता स्वतःचं धनुष्य घ्यायचंय. दुकानदारानं अठराशे डॉलरचं मॉडेल हातात ठेवलं. "मामा, एवढे पैसे घालावेत का?"

दुसऱ्यांदा विचारणा झाली ती इथंच, लालबागला, आमच्या चाळीच्या जिन्यात. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची चौदा वर्षांची मुलगी दीड वर्षापासून दादरला तिरंदाजी शिकते. आता कंपाऊंड घ्या म्हणून सांगणं आलंय. धनुष्य, साईट, रिलीज, बाण सगळं धरून अडीच-तीन लाखांची जुळणी. "भाऊजी, तुमची मुलगी खेळायची. घेऊ का नको, तुम्हीच सांगा."

माझी मुलगी सात वर्षं खेळली. ती सगळी वर्षं मी मैदानाच्या कडेला सतरंजीवर बसून काढली, हातात दुर्बीण आणि मांडीवर गुणांची वही. इतर पालक, प्रशिक्षक, मोठे खेळाडू यांच्याशी या एकाच विषयावर जितकं बोललो, तितकं घरच्या हप्त्यांवरही बोललो नसेन. म्हणून दोघांना वेगवेगळं उत्तर देण्याआधी, या वादात कोण काय म्हणतं आणि का म्हणतं, ते एकदा नीट मांडायचं ठरवलं.

करवत, दोन चाकं आणि एक फिटर

कंपाऊंड धनुष्य फार जुनं नाही, साठेक वर्षांचं आहे. अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी साध्या रिकर्व्ह धनुष्याची दोन्ही टोकं करवतीनं कापली आणि तिथं चाकं बसवली. १९६६मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९६९च्या डिसेंबरात ते मिळालं. कॅलिफोर्नियातले टॉम जेनिंग्ज यांनी ते बाजारात आणलं. तोवर अमेरिकेत धनुष्यानं हरीण मारण्याची हौस चांगलीच रुजली होती. विस्कॉन्सिन राज्यानं १९३४मध्येच धनुर्धाऱ्यांसाठी हरणाचा वेगळा हंगाम सुरू केला होता. नव्या धनुष्याला गिऱ्हाईक आयतं मिळालं ते या शिकाऱ्यांचं. आज आपल्याकडे मैदानावर मुली हातात धरतात त्या वस्तूची वाढ जंगलात झाली, हे लक्षात ठेवलं की पुढचा किंमतीचा वाद समजायला सोपा जातो.

चाकांनी नेमकं काय होतं, हे मला पुस्तकापेक्षा आमच्या चाळीतल्या आबांकडून जास्त कळलं. आबा गिरणीत साचेखात्यात फिटर होते, १९८२च्या संपापर्यंत. मुलीचं धनुष्य पहिल्यांदा घरी आलं तेव्हा त्यांनी ते गॅलरीतल्या उजेडात आडवं धरलं, चष्मा कपाळावर सारला आणि वरच्या चाकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. चाक पूर्ण गोल नव्हतं, एका बाजूला पोट सुटलेलं होतं, आणि आसही मधोमध नव्हता. "हा कॅम आहे," ते म्हणाले. "साच्यावर धोटा मारायला असाच असतो. जोर कधी द्यायचा आणि कधी सोडायचा, ते त्याच्या आकारात लिहिलेलं असतं." मग त्यांनी दोरीला हात घातला. मुलगी ओरडलीच, "आबा, बाण नसताना सोडायची नाही! मोडेल." आबांनी लगेच हात काढला. बाणाशिवाय दोरी सोडली की सगळी ताकद बाणात न जाता पात्यांत आणि कॅममध्ये परत आदळते. लाखाची वस्तू एका क्षणात निकामी होऊ शकते.

कॅमच्या आकारात लिहिलेली गोष्ट अशी. साध्या धनुष्यात जितकं ओढाल तितकं जड होत जातं. कंपाऊंडमध्ये मधेच एक शिखर येतं आणि त्यानंतर वजन एकदम उतरतं. ६० पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढल्यावर ८० टक्के सूट मिळाली, तर हातावर उरतात फक्त १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. हात न थरथरता नेम धरायला वेळ मिळतो. शिकाऱ्याला हे हवं होतं, कारण हरीण झाडाआडून बाहेर येईपर्यंत त्याला दोरी ओढून थांबावं लागतं. खेळाडूलाही तेच हवं.

याच कॅममुळे एक बंधनही येतं. बांबूच्या धनुष्याची दोरी कमी ओढा, जास्त ओढा, चालतं. कंपाऊंडची दोरी ठरलेल्या लांबीवर जाऊन भिंतीला टेकल्यासारखी थांबते. ती लांबी, ड्रॉ लेंथ, तुमच्या हाताला जुळली नाही तर धनुष्य कितीही भारी असो, ते तुमचं नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

हरणापुरता हिशेब

भाच्याचा प्रश्न आधी घेतो, कारण मूळ वाद तिथलाच.

अमेरिकेत शिकारीला लागणाऱ्या सगळ्या साहित्यासकट तयार मिळणारं साधं कंपाऊंड चारशे-पाचशे डॉलरला येतं. नामवंत कंपन्यांची त्या वर्षीची वरची मॉडेलं नुसत्या धनुष्याला बाराशेपासून दोन हजारांपर्यंत जातात. साईट, बाण टेकवायचा रेस्ट, भाता यांचे पैसे वेगळे. या दोन टोकांमध्ये जास्तीचे पैसे नक्की कशात जातात? धातूच्या मधल्या भागाचा ताठपणा, कार्बन वापरून कमी केलेलं वजन, वरच्या-खालच्या पात्यांची जुळणी, कॅमची अचूक घडण, दोरी सुटल्यावर होणारा आवाज आणि हाताला बसणारा झटका यांत. थोडा वेगही वाढतो.

महागड्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा भर आवाजावर आणि वेगावर असतो. त्यांचं म्हणणं असं की हरीण बाणाच्या आधी दोरी ऐकतं. हे खरंच आहे. हरीण २५ मीटरवर आहे असं धरू. आवाज तिथं सेकंदाच्या चौदाव्या हिश्शात पोचतो. सेकंदाला ८५ मीटर जाणारा बाण जवळपास ०.२९ सेकंद घेतो. मधल्या वेळात दचकलेलं हरीण पळण्यासाठी पाय मुडपून खाली बसतं, आणि हृदयाच्या नेमानं सोडलेला बाण पाठीवरून निघून जातो किंवा त्याहून वाईट, भलतीकडे लागतो.

दुसरी बाजू हेच गणित पुढे नेते. महाग धनुष्यानं बाण सेकंदाला ९५ मीटर गेला, तर तो ०.२६ सेकंदांत पोचेल. वाचले सेकंदाचे तीन शतांश. हरणाला दचकायला तरीही पुरेसा वेळ उरतोच. त्यापेक्षा पाच मीटर जवळून मारा, किंवा हरीण खाली मान घालून निवांत चरत असेल तेव्हाच मारा, असं ही मंडळी सांगतात. ताकदीचंही तेच. बाण बनवणाऱ्या ईस्टन कंपनीच्या कोष्टकात हरणासाठी २५ ते ४१ फूट-पौंड ऊर्जा पुरेशी धरली आहे. २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला ७५ मीटर वेगानं सोडणारं मध्यम धनुष्यसुद्धा पन्नासच्या वर देतं. हरणापुरतं बोलायचं तर ताकदीची टंचाई स्वस्त धनुष्यातही नाही.

तिसरा गट या दोघांनाही मानत नाही. लाकडी लाँगबो किंवा रिकर्व्ह वापरणाऱ्या पारंपरिक शिकाऱ्यांचा कंपाऊंडवरच आक्षेप आहे. यंत्रानं नेम सोपा केला तर शिकारीत हरणाच्या वाट्याला काय संधी उरली, हा त्यांचा प्रश्न. धनुष्यानं मारलेल्या मोठ्या जनावरांच्या नोंदी ठेवणाऱ्या पोप अँड यंग क्लबमध्येही हा वाद दीर्घकाळ चालला. ६५ टक्क्यांहून जास्त सूट देणाऱ्या धनुष्यानं केलेली शिकार आधी नोंदीत घेतच नसत. पुढे ती वेगळी खूण करून घ्यायला लागले.

आणि चौथा आवाज, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो जखमी होऊन निसटणाऱ्या जनावरांबद्दलचा. मेरीलँडमधल्या इंडियन हेड या नौदल तळावर वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदींचा अभ्यास २००८मध्ये आला. तिथं आधी नेमबाजीची परीक्षा घेऊनच शिकाऱ्यांना सोडत. तरीही बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हाती आली नाहीत. ब्रिटनमध्ये धनुष्यानं हरीण मारायला बंदीच आहे. डेन्मार्कमध्ये परवानगी आहे, पण परीक्षा दिल्यावर. महाग धनुष्यानं हा आकडा कमी होतो का, याचं सरळ उत्तर कुणीच देऊ शकलेलं नाही. कारण महाग धनुष्य घेणारा माणूस बहुधा सरावही जास्त करतो, आणि मग श्रेय कुणाला द्यायचं?

माझं मत भाच्याला सांगितलं ते असं. पाचशे-सहाशे डॉलरचं नीट मापाचं धनुष्य घे, उरलेल्या पैशांत बाण घे आणि उन्हाळाभर रोज वीस बाण मार. वीस मीटरवर ताटलीएवढ्या जागेत वीसच्या वीस बाण बसत नाहीत तोवर हरणासमोर उभा राहू नकोस.

आपल्याकडे हरीण नाही, दहाचं वर्तुळ आहे

लालबागमधून हरीण पाहायचं तर राणीच्या बागेत जायचं किंवा लोकल पकडून बोरिवलीला. शिकारीचा प्रश्नच येत नाही, आणि तो येऊ नये याची तजवीज कायद्यानं केलेली आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही काही जनावरांसाठी शिकारीचे परवाने मिळत असत. १९९१च्या दुरुस्तीनं ती दारंही बंद केली. कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं, तसा प्रयत्न करणं, सगळं त्यात मोडतं. मला ही बंदी योग्य वाटते, आणि भाच्यालाही मी ते सांगून ठेवलंय: इथं आलास की धनुष्य मैदानापुरतं.

धनुष्य मात्र आपल्याला परकं नाही. नंदुरबारच्या सातपुड्यातल्या भिलांच्या घरी तीरकामठा भिंतीला टांगलेला असतो. बांबूचा कामठा, बांबूच्याच सालीची दोरी, लोखंडी फळाचे बाण. शेजारच्या राजस्थानातून याच परंपरेतले लिंबाराम आले. बांबूच्या धनुष्यावर हात बसलेला हा आदिवासी मुलगा १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिम्पिकांत भारताकडून खेळला. आजही देशातल्या शालेय स्पर्धांत इंडियन राउंड नावाचा प्रकार आहे, त्यात बांबूचंच धनुष्य चालतं. काही हजारांत ते मिळतं. खेळाच्या दारात पाऊल ठेवायला एवढं पुरतं.

त्याच्या पुढे दोन वाटा फुटतात. रिकर्व्ह ही ऑलिम्पिकची वाट: ७० मीटर, १२२ सेंटीमीटरचं लक्ष्य. याच वाटेनं फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियोला पोचला. दुसरी कंपाऊंडची: ५० मीटर, ८० सेंटीमीटरचं लक्ष्य, दोरी ओढण्याचं वजन जास्तीत जास्त ६० पौंड. जागतिक अजिंक्यपदात कंपाऊंड १९९५पासून आहे, आशियाई खेळांत २०१४पासून. ऑलिम्पिकचं दार मात्र बंद होतं.

मग २०२३चा ऑगस्ट आला. बर्लिनच्या जागतिक अजिंक्यपदात साताऱ्याच्या अदिती स्वामीनं मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ असं हरवलं. सतरा वर्षांची जगज्जेती. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम सामन्यात पंधराच्या पंधरा बाण दहात घातले. १५० पैकी १५०, समोरचा पोलंडचा खेळाडू १४९वर थांबला. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली, उसाच्या शेतात आखलेल्या मैदानावर तयार झाले. सावंत स्वतः पोलीस दलातले. त्याच वर्षी मे महिन्यात बुलडाण्याच्या प्रथमेश जावकरनं शांघायच्या विश्वचषकात माइक श्लोसरसारख्या दिग्गजाला १४९-१४८नं नमवलं होतं. ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई खेळांत कंपाऊंडची पाचही सुवर्णं भारताकडे आली.

या आकड्यांकडे नीट पाहिलं की किंमतीचा वाद हरणाच्या वादाहून वेगळा का, ते दिसतं. ८० सेंटीमीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ आठ सेंटीमीटरचं असतं. लालबागच्या मसाल्याच्या दुकानात सुक्या खोबऱ्याच्या वाट्या रचून ठेवलेल्या असतात, साधारण तेवढं. ते ५० मीटरवर लावायचं आणि पंधरापैकी पंधरा वेळा त्यात मारायचं. हरणाचं मर्मस्थान वीसेक सेंटीमीटरचं आणि मारायचं वीस मीटरवरून. हिशेब केला तर खेळाडूला शिकाऱ्याच्या सहापट काटेकोर नेम लागतो. शिकाऱ्याचा बाण दोन सेंटीमीटर सरकला तर काही बिघडत नाही. अंतिम सामन्यात दोन सेंटीमीटर म्हणजे पदकाचा रंग.

मैदानाच्या कडेची मतं

म्हणूनच मैदानावर एक मोठा गट ठामपणे म्हणतो: घ्यायचं तर चांगलंच घ्या. हे लोक हौशी नाहीत. त्यांचा मुद्दा असा की शिकारीचं धनुष्य आखूड असतं, तीस इंचांच्या आसपास, झाडावर आणि झुडपात वागवायला सोयीचं. स्पर्धेचं धनुष्य लांब, छत्तीस ते चाळीस इंचांचं, म्हणून हातात जास्त स्थिर राहतं. स्वस्तात मिळणारी बहुतेक कंपाऊंडं पहिल्या जातीची आहेत. ती घेऊन मूल वर्षभर सराव करतं, राज्य पातळीवर जातं आणि मग सगळं मोडून नवं घ्यावं लागतं. दोनदा खर्च. शिवाय नव्या धनुष्याशी हात बसायला सहा महिने जातात. अदितीच्या घरच्यांनी कर्ज काढून तिला धनुष्य घेऊन दिलं, हे तिच्या कहाणीत सर्वांना माहीत आहे. आई-वडील दोघंही सरकारी नोकरीत, पगार बेताचा. त्यांनी थांबायचं ठरवलं असतं तर बर्लिन झालं नसतं, असं हा गट म्हणतो.

उलट बाजूचे म्हणतात, अदितीची गोष्ट सगळ्यांना लागू करू नका. कर्ज काढणाऱ्या शंभर घरांतली एक मुलगी बर्लिनला पोचते. बाकीच्या घरांत हप्ते उरतात. या म्हणण्यात वजन आहे. मी स्वतः मैदानावर धनुष्य विकायला काढलेले पालक पाहिलेत. मुलगा दहावीला गेला, क्लास लागला, खेळ सुटला. लाखाची वस्तू निम्म्यात गेली.

यावर प्रशिक्षकांमध्ये एक मधली वाट रूढ होताना दिसते. पहिलं वर्ष-दीड वर्ष बांबूवर किंवा क्लबच्या धनुष्यावर. मग ओढण्याचं वजन आणि ड्रॉ लेंथ दोन्ही बरंच कमी-जास्त करता येईल असं मध्यम किंमतीचं कंपाऊंड. मुलाची उंची स्थिरावली आणि गुण एका पातळीवर येऊन अडले, की मग वरचं मॉडेल. वाढत्या वयाचा मुद्दा इथं निर्णायक ठरतो. चौदाव्या वर्षी मापात बसणारं धनुष्य सोळाव्या वर्षी तोकडं पडतं. स्पर्धेच्या धनुष्यात लांबी काही इंच बदलता येते, पण त्यासाठी कॅमवरचे मॉड्यूल नावाचे तुकडे बदलायचे, पुन्हा जुळणी करायची, म्हणजे पुन्हा खर्च.

मापाबद्दल माझ्या घरची गोष्ट सांगतो. मुलीचं पहिलं कंपाऊंड आम्ही वापरलेलं घेतलं. विकणाऱ्यानं सांगितलं, मापात आहे. आम्हाला कळत नव्हतं, विश्वास ठेवला. ते एक इंच लांब होतं. तो एक इंच भरून काढायला ती मान मागे टाकायची, डावा खांदा वर उचलायची. आठ महिने गुण अडकलेले, खांदा दुखायचा, आणि आम्ही सगळे समजत होतो की धनुष्य जुनं म्हणून असं होतंय, महागडं घेतलं पाहिजे. एका शिबिरात एका अनुभवी खेळाडूनं तिला बाजूनं पाहिलं आणि पहिल्याच बाणाला सांगितलं. मॉड्यूल बदलले, काही हजारांत काम झालं. पुढच्या दोन महिन्यांत ७२ बाणांच्या फेरीत तिचे वीसेक गुण वाढले, त्याच जुन्या धनुष्यावर.

म्हणून मी मापाला किंमतीच्या वर ठेवतो. जम्मू-काश्मीरची शीतल देवी हात नसताना पायानं धनुष्य पेलते, खांद्यानं आणि जबड्यानं दोरी ओढून सोडते. २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये राकेश कुमारसोबत तिनं कांस्य जिंकलं. तिच्या धनुष्याची किंमत किती हे कुणी विचारत नाही. ते तिच्या शरीराला कसं जुळवलं, हे सगळे विचारतात.

पैसे कुठं घालावेत यावरही एकमत नाही. मला भेटलेल्या बहुतेक जाणकारांच्या लेखी धनुष्यापेक्षा बाण आणि रिलीज आधी. चांगल्या कार्बन बाणांचा डझन चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातो. बारा बाण एकाच वजनाचे, एकाच ताठपणाचे नसतील तर दीड लाखाचं धनुष्यही त्यांना एका जागी पाठवू शकत नाही. रिलीजचं तसंच: दोरी बोटानं नव्हे, या छोट्या यंत्रानं सोडली जाते आणि ते सोडणं दचकून झालं की बाण गेला. दोऱ्या आणि केबल झिजतात, साधारण वर्षाकाठी बदलाव्या लागतात, त्यासाठी धनुष्य दाबून धरणारा बो प्रेस लागतो. अमेरिकेत हे कोपऱ्यावरच्या दुकानात होतं. इथं वरच्या दर्जाचं सगळंच आयात. सुटा भाग मागवला की आठवडे जातात, म्हणून शहाणे पालक एक जुळवलेली दोरी नेहमी पेटीत ठेवतात. हरणाच्या वादात हा खर्च येतच नाही; आपल्या वादात तो धनुष्याइतकाच मोठा आहे.

आणि मुंबईकरांचा खास प्रश्न: मारायचं कुठं? ५० मीटर मोकळी, मागे सुरक्षित आडोसा असलेली जागा परळ-लालबागमध्ये कुठं सापडणार? गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, मैदानं क्रिकेटच्या आणि मंडपांच्या वाट्याला गेली. दादरला सावरकर स्मारकात तिरंदाजी शिकवली जाते, पण पूर्ण अंतराचा रोजचा सराव म्हणजे शहराबाहेरचा प्रवास. गॅलरीत किंवा गच्चीवर बाण सोडणं हा गुन्ह्याइतकाच बेजबाबदारपणा आहे, तो विचारही करू नये. साताऱ्याच्या मुलीला घरापासून जवळ शेत मिळालं, ती दिवसाला कित्येक बाण मारू शकली. लालबागच्या मुलीला आठवड्यातून दोनदा ५० मीटर मिळत असेल, तर तिला तीन लाखांच्या धनुष्याचा किती उपयोग? माझ्या मते फार नाही. त्यातला काही भाग रेल्वेच्या पासवर आणि शिबिरांवर गेला तर जास्त फळ देईल.

अजून न सुटलेलं

सर्वांत मोठा बदल २०२५च्या एप्रिलमध्ये झाला. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं लॉस एंजेलिस २०२८साठी कंपाऊंडच्या मिश्र सांघिक प्रकाराला मान्यता दिली. पन्नास वर्षं शिकाऱ्यांचं म्हणून बाजूला ठेवलेलं धनुष्य ऑलिम्पिकमध्ये आलं. त्याच वर्षी सप्टेंबरात ग्वांगजूला भारताच्या पुरुष संघानं कंपाऊंडचं जागतिक सुवर्ण जिंकलं. मैदानावरच्या पालकांचा हिशेब यानं बदलला. "ऑलिम्पिक नाही तर कशाला?" हे वाक्य आता कुणी म्हणत नाही.

पण आलाय तो एकच प्रकार. मिश्र संघ म्हणजे एका देशाचा एक पुरुष आणि एक महिला. अख्ख्या भारतातून दोन जागा. यावर कुणी कर्ज काढावं का? एक बाजू म्हणते, दार उघडलं की रुंद होतंच, २०३२ला वैयक्तिकही येईल. दुसरी म्हणते, न आलेल्या गोष्टीवर हप्ते भरता येत नाहीत. दोघांकडेही पुरावा नाही, आशा आणि धास्ती आहे.

धनुष्य कुणाच्या मालकीचं असावं, हाही प्रश्न तसाच पडून आहे. राज्य सरकारच्या मिशन लक्ष्यवेधमध्ये तिरंदाजी आहे, खेलो इंडिया आहे, पण मदत बहुतेक वेळा मूल पुढे आल्यावर मिळते. लागते ती त्याच्या आधी, चौदाव्या वर्षी. क्लबनं वेगवेगळ्या मापांची दहा-बारा मध्यम धनुष्यं ठेवावीत आणि मुलं वाढतील तशी ती बदलत द्यावीत, अशी सूचना मी अनेक प्रशिक्षकांच्या तोंडून ऐकली. विरोधातला मुद्दाही खरा आहे: कंपाऊंड एका हाताला जुळवलेलं असतं, चार हातांत फिरलं की साईट, दोरीतलं पीप, रेस्ट सगळं रोज हलतं. तरी दीड-दोन वर्षांच्या शिकाऊ मुलांना ते चालेल असं मला वाटतं. लालबागमध्ये दहा दिवसांच्या उत्सवासाठी गल्लीगल्लीत वर्गणी उभी राहते, तर एका विभागाला दहा धनुष्यं जमवणं अशक्य नसावं. ही माझी इच्छा आहे, अनुभव नव्हे. कुठं झालेलं मी पाहिलेलं नाही.

वहिनींना मी तूर्त एवढंच सांगितलं की तीन लाखांचा विषय वर्षभर बाजूला ठेवा आणि रविवारी मुलीला घेऊन माझ्याबरोबर चला. त्या दिवशी तिचे दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटापासून मधल्या बोटापर्यंत टेप लावली. १६० सेंटीमीटर, म्हणजे ६३ इंच. त्याला अडीचनं भागलं की ड्रॉ लेंथचा पहिला अंदाज येतो: सव्वापंचवीस इंच. माझ्या मुलीचं जुनं धनुष्य अजून कपाटावर आहे. त्याचे मॉड्यूल पंचवीसपर्यंत खाली येतात. दोरी बदलावी लागेल.